एकोणऐंशी

पप्पांनी पुली काढून ठेवली आणि नवी आणायच्या आत ते गेले. त्यामुळे गाडी गॅरेजमध्ये जॅकवरच राहिली. उजवं पुढचं चाक भिंतीला टेकलेलं होतं, पुली वर्तमानपत्रावर पडलेली, आणि तिचे बोल्ट आईच्या एका जुन्या डब्याच्या झाकणात. अंत्यसंस्कार झाले. पुण्यानुमोदनाला हायडेलबर्गहून, एर्लांगेनहून, फ्रांकफुर्टहून माणसं आली, वंदना झाली, माणसं जेवली, आपापली भांडी घेऊन परत गेली. झाकणातल्या बोल्टांना कोणी हात लावला नव्हता.

ही पुली म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या टोकाला बसवलेली चकती. तिच्यावरून पट्टा जातो आणि तो पट्टा अल्टरनेटर फिरवतो, म्हणजे पुली गेली की बॅटरी भरणं बंद आणि थोड्या वेळाने गाडी बंद. चकती एकसंध नसते. आत एक लोखंडी कडं, बाहेर दुसरं आणि दोन्हींच्या मध्ये रबर. आमच्या गाडीचं रबर फाटलं होतं. थंड सकाळी गाडी सुरू केली की कोणीतरी नाण्याने काच वाजवल्यासारखा आवाज यायचा. पप्पा त्या आवाजासकट अख्खा हिवाळा कामावर गेले. "रबर दमलंय," एवढंच म्हणायचे. त्यांचं कामच ते होतं. कायझर्सलाउटर्नच्या एका संस्थेत ते धातूंना थकवायचे. धातूचा तुकडा यंत्रात धरायचा आणि तुटेपर्यंत हलवत राहायचा.

शेवटी एका रविवारी त्यांनी पुली काढली. हातोडा न वापरता काढली, कारण रविवारी आवाज केला तर शेजारी बोलतात. सोमवारी बसने कामावर गेले. संस्थेच्या जिन्यात पडले, दवाखान्यात नेलं, आणि मग मला फोन आला.

हे सगळं मी सरळ सांगू शकते. त्या दिवसांत मला सगळंच सरळ सांगता येत होतं. शववाहिकेवाल्याला, विमा कंपनीला, पुण्यातल्या काकांना. लोक म्हणायचे, हर्षा किती धीराची. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तशी मी होते. आपलाच असतो, पण चावला गेला तरी कळत नाही.

माणसं गेल्यावर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. माझा भाऊ तनय एर्लांगेनला असतो, तिथल्या वैद्यकीय यंत्रांच्या कंपनीत. तो आईशी जर्मनमध्ये बोलतो, तिला जर्मन मुलांसारखं 'मामा' म्हणतो, आणि ती त्याला मराठीत उत्तर देते. त्यांचं त्यामुळे कधी अडलेलं नाही.

"मामा, मी खोली रिकामी केलीय," तो म्हणाला. "तू या खेड्यात एकटी राहू शकत नाहीस. गाडीशिवाय तर नाहीच."

आई इथल्या शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळची पाळी पहिल्या बसच्या आधी सुरू होते. आजवर पप्पा तिला सोडायचे किंवा ती गाडी घेऊन जायची आणि पप्पा बसने जायचे.

"गाडी दुरुस्त होईल," आई म्हणाली.

"ती गाडी आहे? छे, ते म्युझियम आहे."

"तुला शाळेत त्याच म्युझियममधून नेत होते."

तनय माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलायला हवं होतं. मी टेबलावरचे शेवेचे कण बोटाने गोळा करत होते.

आईने पदराला हात पुसले. "हे बघा. सोमवारपासून मला कामावर जायचंय. त्या सोमवारी गाडी चालली तर मी इथं राहते. नाही चालली तर येते तुझ्याकडे, गपगुमान. आता मला परत परत विचारू नका."

"गेनाऊ," तनय म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. त्याला नियम आवडतात.

पुली मागवायचं काम माझ्याकडे आलं. मी हायडेलबर्गला विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे घरात सर्वांचा समज आहे की शोधाशोध ती माझी. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी सुट्या भागांचं एक संकेतस्थळ उघडलं आणि गाडीच्या कागदांवरचे आकडे भरले. आमच्या गाडीला चालतील अशा पुल्या समोर आल्या. सगळ्या काळ्या, सगळ्या गोल.

सगळ्यात स्वस्त होती ती भरीव पोलादाची, बिनरबराची. तिच्याखाली लोकांनी लिहिलं होतं, पुन्हा बदलावी लागणार नाही, फाटायला काही नाहीच. मी तिचं चित्र तनयला पाठवलं. त्याचं लगेच उत्तर आलं, हीच घे, कायमची कटकट संपेल.

मी ती घेणार होते. मग पप्पांचं एक बोलणं आठवलं. आठवून भरून वगैरे आलं नाही, पत्ता आठवावा तसं आठवलं. नाताळच्या सुट्टीत ते म्हणाले होते की डिझेल इंजिन फिरत नाही, ते ठोसे मारतं. प्रत्येक ठोशाला मुख्य दांडा किंचित पिळतो आणि परत सुटतो. ते पिळणं मधलं रबर स्वतःकडे घेतं. रबर नसेल तर दांडा घेतो, आणि दांड्याला ते किती दिवस झेपेल ते इंजिन उघडल्याशिवाय कळत नाही. "रबर फाटलं म्हणून रबराला नावं ठेवू नये," ते म्हणाले होते, "त्याने आपली नोकरी केली."

म्हणून रबराची. पण रबराच्या दोन होत्या. आमच्याच गाडीत त्या वर्षी दोन तऱ्हेची इंजिनं बसत होती आणि दोन्ही पुल्यांच्या क्रमांकांत फक्त शेवटच्या दोन आकड्यांत फरक होता. चित्रं हुबेहूब सारखी. मी आईला फोन केला.

"आई, जुन्या पुलीवर नंबर कोरलेला असेल. फोटो पाठव ना."

"पाठवला की मघाशीच."

फोटोत टॉर्चचा पांढरा गोळा होता आणि आईचा अंगठा.

"वाचूनच सांग. फक्त शेवटचे दोन आकडे."

"थांब, चष्मा कुठं गेला. इथं सगळं ग्रीस ग्रीस आहे." ती खाली बसल्याचा, मग वर्तमानपत्र चुरगळल्याचा आवाज आला. "हं. एकोणऐंशी."

"नक्की?"

"आंधळी आहे का मी? एकोणऐंशी."

मी ८९ वाली निवडली. नवे बोल्टही घेतले, कारण हे बोल्ट आवळताना ताणले जातात आणि एकदा ताणलेला परत वापरायचा नसतो. शनिवारच्या आत घरपोच. मी पुस्तकांच्या गाड्यांकडे परत गेले.

शनिवारी सकाळी मी एस-बान लोकलने कायझर्सलाउटर्नला आणि तिथून बसने गावात पोहोचले तेव्हा हेर लुट्झ, म्हणजे लुट्झसाहेब, आधीच गॅरेजमध्ये आडवे झाले होते. लुट्झ शेजारी राहतात. पूर्वी ट्रक चालवायचे. गाड्यांचं त्यांना सगळं कळतं असं ते म्हणतात. पप्पा म्हणायचे, त्यातलं निम्मं कळतं, पण पाना चांगला धरतात. आईने त्यांच्याजवळ चहा ठेवला होता, आल्याचा, आणि ते तो दर वेळी नको म्हणून पिऊन टाकायचे.

"आला हॉप," म्हणजे चला तर, असं म्हणत त्यांनी नवी पुली दांड्यावर धरली. बोल्टची भोकं जुळली. मग पट्टा चढवायला घेतला. बराच वेळ नुसतं पुटपुटणं ऐकू आलं. मग ते बाहेर सरकले आणि पुली हातात घेऊन तिच्या कडेवरच्या खाचा नखाने मोजायला लागले.

"पाच," ते म्हणाले. पट्ट्याची आतली बाजू उलटून दाखवली. "इथं सहा."

त्यांनी जुनी पुली कापडाने पुसली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. जुनीवर शेवटी ७९ होतं.

"आई," मी म्हणाले, "तू एकोणऐंशी म्हणाली होतीस."

"मग? एकोणऐंशीच आहे."

"हे नॉयनउंडझीबत्सिश आहे, नऊ-आणि-सत्तर."

"हो. एकोणऐंशी."

मी नवीन पुलीच्या खोक्यावर बोट ठेवलं. "मग हे?"

आईने वाकून पाहिलं. "हे एकोणनव्वद. हर्षा, तू एकोणनव्वदची मागवलीस?"

मला शाळेत कोणी मराठी आकडे शिकवले नाहीत. जे आले ते घरात कानांवरून आले आणि जर्मनवर बसवून घेतले. ते बसतात सुद्धा. ब्याऐंशी म्हणजे दोन-आणि-ऐंशी, पंच्याऐंशी म्हणजे पाच-आणि-ऐंशी, जर्मनही असंच म्हणतात, आधी एकक आणि मग दशक. पप्पांना याचं फार कौतुक होतं. नवीन आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला ते हे ऐकवायचे. फक्त नऊच्या घरात गाडी घसरते. तिथे जर्मन माणूस सत्तरवर नऊ मोजतो आणि खूश होतो, आणि आपण ऐंशीला एक कमी पडला म्हणून हळहळतो, असं ते म्हणायचे. जेवताना मध्येच विचारायचे, "हर्षाबाई, एकोणसत्तर?" आणि मी दर वेळी नऊ-आणि-सत्तर सांगायचे. तनयही तेच सांगायचा. या खड्ड्यात आमच्या घरातलं प्रत्येक पोर पडलेलं होतं.

आईला हसू आलं. तोंडावर हात ठेवून ती जरा वेळ हसली, खांदे हलत होते. लुट्झनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना जर्मनमध्ये समजावायला लागले आणि मध्येच सोडून दिलं.

मग आईचं हसणं थांबलं. तिने चहाचा कप उचलला, परत ठेवला.

"तनयने सांगितलं होतं का तुला?"

"काय?"

"चुकीची मागव म्हणून."

"नाही. आई, नाही."

"मग तूच?"

मी नाही म्हणाले. ते खरं होतं. पण तिने विचारल्यावर मी आत चाचपून पाहिलं, तिने इथं राहावं असं मला वाटत होतं का, की तिने एर्लांगेनला जावं आणि दर रात्री तिला फोन करायचं माझं ओझं तनयवर जावं, आणि तिथे मला काही सापडलं नाही. हे तिला सांगण्यासारखं नव्हतं.

"मला खरंच एकोणऐंशी येत नाही," मी म्हणाले.

"येत नाही खरं तुला," ती म्हणाली. "यांनी किती डोकं आपटलं."

शनिवारी दुकानं दुपारी बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. लुट्झनी आम्हाला त्यांच्या व्हॅनमध्ये घातलं आणि कायझर्सलाउटर्नच्या औद्योगिक भागातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात नेलं. आईने जुनी पुली भाजीच्या कापडी पिशवीत घेतली होती. व्हॅनमध्ये ती पिशवी तिने मांडीवर धरली. लुट्झनी रेडिओ लावला, फुटबॉलचं काहीतरी चाललं होतं.

काउंटरवरच्या माणसाने पुली उलटीसुलटी करून पाहिली, क्रमांक टाइप केला.

"नॉयनउंडझीबत्सिश?" त्याने विचारलं.

"नऊ-आणि-सत्तर," आई माझ्या कानाशी म्हणाली. "बरोबर. सांग त्याला हो म्हणून."

मी हो म्हणाले.

"मंगळवारी मिळेल," तो म्हणाला. "रबराची गोदामात आहे, ती लुडविग्सहाफेनहून येते. आत्ता हवी असेल तर ही आहे." त्याने मागच्या फळीवरून एक खोकं आणलं. भरीव पोलाद. मापं तीच, खाचा सहा, रबर नाही. "बसेल. चालेल."

"लगेच तुटत नाही काही," लुट्झ म्हणाले. "वर्ष, दोन वर्षं. मग बघू. आज दुपारी लावून देतो."

मी ती हातात घेतली. जड होती, थंड होती, चांगली घासलेली. ती घेतली तर सोमवारी गाडी चालणार, आई तिच्या शब्दाप्रमाणे तिच्या घरात राहणार, आणि आतला दांडा प्रत्येक ठोशाला पिळत राहणार. दुसरी घेतली तर सोमवारी गाडी जॅकवर, आणि आई तिच्याच शब्दाप्रमाणे एर्लांगेनला, तनयच्या रिकाम्या केलेल्या खोलीत. काउंटरवाला थांबला होता. त्याच्या मागच्या घड्याळात दुकान बंद व्हायची वेळ होत आली होती. मला दोन्हींपैकी कशाचंच काही वाटत नव्हतं, आणि ठरवायचं मात्र मला होतं.

म्हणून मी विचारलं. ठरवता येईना म्हणून विचारलं, दुसरं काही मनात नव्हतं.

"आई, तुला काय हवंय?"

तिने मान वर केली.

"पुली का?"

"पुली. आणि ते दुसरंही."

तिने पिशवीतून जुनी पुली काढून काउंटरवर ठेवली आणि फाटलेल्या रबरात अंगठा घातला. रबराचा एक तुकडा निघून तिच्या नखाला चिकटला.

"यांनी कुठली घेतली असती?"

"रबराची."

"मग रबराची घे. मला त्या गाडीतून रोज जायचंय. दोन वर्षं नाही, रिटायर होईपर्यंत."

"पण सोमवार?"

"सोमवारी मी उशिराची पाळी मागून घेते. दुपारी बस आहे. आमच्या स्वयंपाकघराची मुख्य, फ्राउ श्टाइन, देईल, कधीचीच म्हणते आहे, लीला, हवी ती पाळी घे."

"म्हणजे पाळी बदलून मिळते हे तुला आधीपासून माहीत होतं?"

आईने अंगठा पिशवीला पुसला. "मला वाटलं होतं, दोघांपैकी एक कोणी तरी विचारेल. तुम्ही लागलात गाडीच्या मागे." आणि मग, काउंटरवाल्याकडे बघून तिच्या जर्मनमध्ये, "दिएन्स्टाग, बिट्टे. मिट गुम्मी." म्हणजे मंगळवारी द्या, रबराची.

त्याने पावती छापली.

बाहेर व्हॅनपाशी तिने स्वतः तनयला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण कानाला लावलं की तिच्याकडून बटणं दाबली जातात.

"गाडी मंगळवारी होतेय," ती म्हणाली.

तनयचा आवाज आला, जर्मनमध्येच, हळू. "मामा, आपलं सोमवारचं ठरलं होतं."

"हो. सोमवारच."

"मंगळवार म्हणजे सोमवार नाही."

"सोमवार म्हणजे काय असतो?" आई म्हणाली. "एकोणमंगळवार."

मला वाटलं त्याला कळणार नाही. पण त्याने परत सोमवारचं नाव काढलं नाही, त्यावरून कळलं की त्याला कळलं आहे. जेवणाच्या टेबलावर त्यानेही तितक्याच वेळा मार खाल्लेला होता.

"ये बघायला," आई म्हणाली. "खोली राहू दे तशीच. दिवाळीत येऊन राहीन चार दिवस."

"या," तनय म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये हो. मग मराठीत, खूप दिवसांनी, चाचरत: "बरं."

मी सोमवार-मंगळवारची रजा टाकली. सोमवारी आई दुपारच्या बसने गेली आणि रात्री लुट्झची बायको तिला घेऊन आली. मंगळवारी संध्याकाळी लुट्झनी पुली बसवली, नवे बोल्ट आवळले, पट्टा चढवला. सहाही खाचा बसल्या. चाक लावून गाडी खाली उतरवली. चावी फिरवायला आई बसली. तिने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला आणि गाडी सुरू केली.

नाण्याचा आवाज आला नाही. इंजिन नुसतं गुरगुरत राहिलं, एकसारखं.

"बंद पडली का?" आईने काच खाली करून विचारलं.

"चालू आहे," मी म्हणाले.

ती तरीही ऐकत राहिली. मीही. लुट्झ हात पुसत आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना वाटलं असावं की आम्ही खूश होऊ.

झाकणातले जुने बोल्ट मी टाकायला उचलले, तेव्हा आई म्हणाली, झाकण धुऊन आण, त्याचा डबा घरात आहे. बोल्टांबद्दल काही म्हणाली नाही. मी ते जुन्या पुलीबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळून भंगाराच्या डब्यात ठेवले.

बुधवारी सकाळी तिची पाळी होती. मला स्टेशनवर सोडायला ती उलट्या दिशेने आली, त्यासाठी अंधारातच निघालो. ती हळू चालवते, दोन्ही हात चाकावर. गावाबाहेरच्या सिग्नलला थांबलो तेव्हा तिने काचेआडच्या किलोमीटरच्या आकड्याकडे बोट केलं.

"वाच."

"आई, सकाळी सकाळी."

"वाच. मराठीत."

मी पुढे वाकले. दोन लाख चौदा हजार तीनशे, इथपर्यंत सोपं होतं. पुढे ८९ होतं. मी तोंडातल्या तोंडात नव्वद म्हणून पाहिलं, मग त्यातला एक काढला.

"एकोणनव्वद," मी म्हणाले.

"हां. हा तुझा. परत पाठवलेल्या खोक्यावरचा."

तिने मान हलवली आणि गिअर टाकला. सिग्नल सुटला. पुढच्या वळणापर्यंत आकडा नव्वदवर गेला होता. तो मी वाचला नाही, आणि तिने विचारला नाही.